नवं बांधलेला खांब

केरू भुवडाला एक शब्द अजिबात सहन होत नसे. शिव्या त्याने मुंबईत पोटभर खाल्ल्या होत्या, त्यांचं त्याला काही वाटत नसे. पण सड्यावरच्या हवामानाच्या खांबाने 'मिसिंग' म्हटलं, की तो हातातलं काम टाकून उठे.

रत्नागिरीपासून आत, त्याच्या गावाच्या डोक्यावर, जांभ्या दगडाचा लांबरुंद सडा आहे. पावसाळ्यात त्यावर गुडघाभर गवत येतं, उन्हाळ्यात पाय भाजतात. त्या सड्यावर एका कंपनीने छोटी धावपट्टी बांधली आहे. तिची दोन्ही टोकं तुटल्यासारखी संपतात. एकीकडे दरी आणि तिच्यात खाडी, दुसरीकडे गावाची भातखाचरं. तिथे मोठी विमानं येत नाहीत. चार माणसं बसतील एवढी येतात, नाहीतर विमान चालवायला शिकणारी पोरं येऊन जातात. तिथे वैमानिकाशी बोलायला माणूस ठेवलेला नाही. वैमानिकाशी बोलतो तो खांब.

खांब म्हणजे एक उंच लोखंडी दांडा, त्याच्या आसपास कुंपणात उभी असलेली दोन-चार यंत्रं आणि एक कुलूपबंद पेटी. वारा किती, कुठून, ढग किती उंचीवर, किती लांबचं दिसतं, हवेचा दाब किती, हे सगळं ती यंत्रं मोजतात आणि पेटीतून एक बाईचा आवाज ते इंग्रजीत रेडिओवर सांगत राहतो. सांगून संपलं की पुन्हा पहिल्यापासून. केरूच्या केबिनमध्ये तो आवाज ऐकायचा रेडिओ होता. फक्त ऐकायचा, त्यातून उलट बोलता येत नसे. ज्या गोष्टीचं माप यंत्राला घेता येत नाही, त्या गोष्टीचं नाव घेऊन ती बाई 'मिसिंग' एवढंच म्हणे आणि पुढे जाई.

केरूचं काम राखणीचं. गवत कापायचं, काचा पुसायच्या, गुरं पट्टीवर चढू द्यायची नाहीत. पण तो मनाने स्वतःला त्या खांबाचा माणूस समजे. इंग्रजी आकडे त्याला मुंबईने शिकवले होते. उमेदीची सगळी वर्षं त्याने फोर्टमधल्या एका जुन्या इमारतीत लिफ्टमन म्हणून काढली. जाळीच्या दाराची लिफ्ट, आत एक लाकडी स्टूल, आणि स्टुलावर केरू. थर्ड, फोर्थ, फिफ्थ म्हणत त्याचा दिवस वरखाली होई. त्या लिफ्टची एक पाटी होती, 'लिफ्ट बंद आहे'. ती पाटी लावायची वेळ आली की चढून आलेले साहेब धापा टाकत त्याच्यावर ओरडत, जणू केरूनेच दोर कापला होता. मालकाने त्याला एकदा स्पष्ट सांगितलं होतं, "भुवड, पाटी दिसली नाय पायजे. बंद कर, चालू कर, काय पण कर." तेव्हापासून लिफ्ट अडली की तो मेन स्विच खाली ओढी, मनात देवीचं नाव घेई आणि वर करी. पुष्कळदा लिफ्ट चालू होई. का अडली होती आणि का सुटली, हे त्याला कधी कळलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. पुढे बटणांची लिफ्ट आली आणि केरू गावी आला.

खांबाचं आणि त्याचं जमलं ते असं. पेटीच्या बाहेर एक लाल स्विच होता. खांब पहिल्यांदा अडला तेव्हा कंपनीच्या इंजिनिअरने, यज्ञेशने, फोनवरच सांगितलं, "केरूमामा, एकदा बंद करून चालू करा बघू." केरूने केलं. खांब थोडा वेळ गप्प राहिला, मग सगळे आकडे घडाघडा बोलला. केरूला एकदम आपली लिफ्ट आठवली. हे काम आपल्याला येतं, असं त्याला त्या दिवशी वाटलं.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नवान्न पौर्णिमेला घरोघर नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान आणि कुर्डूचं फूल एकत्र करून केळीच्या सोपटाने जुडी बांधायची आणि ज्याच्या ज्याच्यावर घर चालतं त्याला त्याला लावायची. केरूची बायको मथुरा या बाबतीत फार कडक. दाराला झालं, विहिरीला झालं, गोठ्याला, नांगराला झालं. गॅसच्या शेगडीला आणि टीव्हीलाही झालं.

"अवो, समद्यांना बांधलंत," ती म्हणाली, "नि ज्याच्यावर चूल पेटते त्याला?"

"कुणाला गो?"

"तुमच्या खांबाला."

"तो लोखंडाचा हाय. त्याला काय नवा भात खायचाय?" केरू हसला.

आठवडा उलटला नाही तोच संध्याकाळच्या पावसात खांबावर वीज पडली. पेटीतून धूर आला. दिवाळी गेली तरी खांब मुका होता, आणि मुक्या खांबाला राखण्या कशाला, अशी बोलणी केरूच्या कानावर आली. मथुराने दारावरचं वाळलेलं नवं फक्त सरळ केलं. तेच त्याला जास्त लागलं.

यंदा यज्ञेश खांबाची सफाई करायला आला तो नेमका पौर्णिमेच्या सकाळी. कोल्हापूरचा पोरगा, गोल चेहऱ्याचा, सतत काहीतरी खात असायचा. त्याने बिजागरीवरून खांब हळूहळू आडवा केला. एरवी आभाळात असणारं टोक केरूच्या कमरेशी आलं. टोकाला तीन बोटांचा पंजा होता आणि त्याच्या शेजारी, पूर्वेच्या अंगाला, एक जाड सळई.

"ही वीज झेलायची सळई," यज्ञेश पंजा पुसत म्हणाला. "आणि हा वाऱ्याचा पंजा. ह्या बोटांमधनं आवाज पळतो, आपल्याला ऐकू येत नाही असला. वारं आलं की तो लवकर पोचतो न्हाईतर उशिरा. त्यावरनं वारं मोजतंय."

"आणि ते मिसिंग म्हणतंय ते?"

"मामा, ते तुम्हाला लई झोंबतं का वो?" यज्ञेश हसला. "अहो, त्यात वाईट काय नाही. मध्ये काय आलं, पाणी, कोळ्याचं जाळं, तर माप संशयाचं होतंय. संशयाची मापं ते टाकून देतंय आणि उरलेल्यांची सरासरी सांगतंय. फारच कमी उरली तर मिसिंग म्हणतंय. दाबाला बघा, दोन मापकं आहेत. दोघांचं पटलं नाही की स्टेशन दोघांनाही गप्प करतंय."

"नवराबायकोसारखं."

"तिथं एक तरी बोलतंच की!"

दोघेही हसले. मग यज्ञेशने पेटी उघडून आतल्या वायरी दाखवल्या. "ही निळी वाऱ्याची. हिला हात लावायचा नाही. कशालाच लावायचा नाही म्हणा." ऑफिसला जो लेखी अहवाल जातो त्याच्या शेवटी एक छोटी खूण येते, माझ्याकडे बघा अशी, हेही त्याने सांगितलं. पण वीज पडल्यापासून ती खूण रोजच येत होती आणि रोज येणाऱ्या खुणेकडे आता कोणी बघत नव्हतं. हे तो वडापाव खात खात म्हणाला. केरूनेही सहज मान हलवली.

यज्ञेशला फोन आला तसा तो गाडीकडे गेला. केरूने शर्टाच्या आतून मथुराने दिलेली जुडी काढली. कंपनीचा माणूस नको म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्याने विचारलंच नाही. वीज जिथे उतरते तिथेच नवं बांधायचं हे त्याने आधीच ठरवलं होतं. सळईला त्याने दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली, लोंब्या सळईला समांतर नीट बसवल्या आणि हात जोडले. यज्ञेश परत आला तेव्हा त्याचं लक्ष फोनमध्येच होतं. खांब पुन्हा उभा राहिला. खालून पाहिलं तर सळईला काही आहे हे, ज्याला माहीत आहे त्यालाच दिसावं, इतपतच दिसत होतं.

त्यानंतरचे काही दिवस बरे गेले. समुद्राकडचा वारा असे तोवर खांब सगळं बोले. पण दुपार कलली की घाटाकडे ढग गोळा होऊ लागत. ऑक्टोबरात असं होतंच. समुद्राचा वारा पडे, सड्यावर क्षणभर सगळं थांबे आणि मग पूर्वेकडून थंड झोत येई. अशा वेळी हटकून रेडिओवरची बाई म्हणे, वारा मिसिंग.

केरू उठे, लाल स्विच खाली ओढी, देवीचं नाव घेई आणि वर करी. थोड्या वेळाने बाई म्हणे, वारा शांत. केरूचा जीव खाली येई.

एकदा अशाच वेळी मुंबईच्या कुणा शेठजींचं विमान आलं. चाकं टेकली तसं ते एका बाजूला कलंडलं, पट्टीच्या कडेच्या मातीत गेलं आणि कसंबसं परत आत आलं. वैमानिक पांढराफटक होऊन उतरला.

"तुमचा डबा वारा शांत सांगतो? ह्याला शांत म्हणतात?" तो केरूच्या अंगावर ओरडला. "आणि तो वाऱ्याचा पिशवा कुठे गेला?"

वाऱ्याची दिशा दाखवणारा तो कापडी पिशवा, ज्याला गावात सगळे पायजमा म्हणत, परतीच्या पावसात फाटला होता. नवा मागवला होता, आला नव्हता. केरूने तेवढं सांगितलं. बाकीचं त्याने मनावर घेतलं नाही. धापा टाकत वर आलेले साहेबही असंच ओरडायचे. कडेच्या मातीत चाकाने काढलेला चर त्याने फावड्याने बुजवला. बुजवताना हात एकदा थांबला, पण का थांबला याचा त्याने विचार केला नाही.

आणि मग आर्या परत फिरली.

आर्या राजापूरची, शाळामास्तरांची मुलगी. घाटापलीकडे विमान चालवायला शिकत होती. पहिल्यांदा सड्यावर उतरली ती शिकवणाऱ्या सरांबरोबर. उतरल्या उतरल्या केरूच्या केबिनमध्ये येऊन म्हणाली, "काका, पाणी द्या, घशाला कोरड पडलीय." केरूने पाणी दिलं, मथुराने बांधून दिलेली आमसुलाची वडी दिली. ओळख कळली तशी तो खुलला. मास्तरांचं नाव त्याने ऐकलं होतं. पुढे ती जेव्हा जेव्हा येई, तेव्हा आधी फोन करी. केरूला मूलबाळ नव्हतं. फोनवर 'काका' ऐकलं की तो उभा राहून बोले.

त्या दिवशीही ती यायची होती. केरू वडी घेऊन बाहेर उभा होता. विमानाचा आवाज आला, सड्यावरून फिरला आणि परत घाटाकडे गेला. केरू आत धावला, तर रेडिओ म्हणत होता, वारा मिसिंग.

संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, नाही उतरले. वाराच कळेना. पिशवा पण नाही तुमच्याकडे. सरांचा नियमच आहे, वारा कळला नाही तर इथे उतरायचं नाही, सरळ मागे फिरायचं."

"बाय, मला माफ कर. माझं लक्ष नव्हतं."

"तुमचा काय दोष? उलट बरं झालं, त्याने सांगितलं तरी. नाहीतर आले असते डोळे झाकून." ती हसली. "पुढच्या वेळी एकटी येणार आहे. पहिल्यांदा एकटी! वडी ठेवा."

ती काय म्हणाली ते केरूने ऐकलं, पण ते त्याच्या मनात शिरलं नाही. मनात राहिलं ते एवढंच, की पोर दारापर्यंत आली आणि पाटी बघून परत गेली. पुन्हा ती येईल तेव्हा हा शब्द खांबाच्या तोंडून येऊ द्यायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं.

तो दिवस उजाडला तोच कुंद. सकाळपासून पान हललं नव्हतं. खाली खाचरात कापलेला भात पसरलेला होता, आणि घाटाच्या माथ्यावर निळाकाळा पट्टा उभा राहिला तशी बायकामाणसं भारे उचलायला धावली. मथुराही त्यांत होती. सड्यावरून त्यांच्या हाका ऐकू येत होत्या. टिटव्या पट्टीवरून ओरडत फिरत होत्या, बसत नव्हत्या. कुंपणाबाहेरची गुरं एकेक करून पूर्वेकडे पाठ करून उभी राहिली.

निघण्याआधी आर्याचा फोन आला होता. "काका, निघतेय. एकटीच हां! खांब बरा आहे ना तुमचा?"

"बरा? ठणठणीत हाय. तू ये बिनघोर."

फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने थंड झोत आला. केबिनचं दार आपटलं. आणि बाई म्हणाली, वारा मिसिंग.

"आज नाय," केरू स्वतःशीच म्हणाला. त्याने स्विच ओढला. वाट पाहिली, वर केला. खांब गप्प होता. घाटाकडे ढगात लांबवर काहीतरी घरंगळल्यासारखं वाजलं. मग बाई बोलू लागली. ढग, दाब, उष्णता, एकेक करून सगळं. आणि वारा शांत.

केरूने वडीची पुडी घेतली आणि बाहेर आला. त्याने दोरीवर वाळत घातलेला टॉवेल फडफडत पश्चिमेकडे आडवा झाला होता. गवताचे शेंडे सगळे एका दिशेला झोपले होते. त्याची टोपी उडाली, ती धरायला तो वळला, आणि उघड्या दारातून रेडिओचा आवाज आला. वारा शांत.

टोपी हातात धरून केरू तसाच उभा राहिला.

मग त्याने वर पाहिलं. सळईची जुडी सळईजवळ नव्हती. पूर्वेच्या वाऱ्याने ती उचलली गेली होती आणि सरळ आडवी होऊन त्या तीन बोटांमध्ये पडली होती, कोणी बोलणाऱ्याच्या तोंडावर हात ठेवावा तशी. तो बघत असतानाच झोत ओसरला. जुडी खाली आली, सळईला टेकली. पुन्हा झोत आला, पुन्हा ती बोटांत गेली.

संशयाची मापं टाकून देतंय, उरलेल्यांची सरासरी सांगतंय. वडापाव खाणारा यज्ञेश केरूच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. वारा सुटला की नवं बोटांत येणार आणि ती मापं फुकट जाणार. वारा थांबला की नवं बाजूला होणार आणि तेवढीच मापं खरी धरली जाणार. म्हणजे घाटाचा वारा कितीही पिसाळला, तरी खांबाला त्यातला फक्त थांबलेला वाराच दिसणार. आणि त्यातूनही खांब 'मला कळत नाही' म्हणाला, की केरू स्विच ओढून त्याची आधीची मोजणी पुसणार, आणि खांब पहिल्याच थांबलेल्या क्षणाच्या मापावर 'शांत' म्हणून मोकळा होणार.

त्याला तो कडेच्या मातीतला चर आठवला. आपण तो बुजवला होता.

त्याने आर्याला फोन लावला. बंद. विमानात ती फोन बंद ठेवते, हे त्याला माहीत होतं, तरी त्याने पुन्हा लावला. यज्ञेशला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. आणि तेवढ्यात वाऱ्याच्या आवाजातून दुसरा आवाज वेगळा झाला. घाटावरच्या ढगाला वळसा घालून खाडीच्या अंगाने एक ठिपका येत होता. ढग तिच्या मागे नव्हता, तिरपा समोर होता. ढगाच्या आधी उतरून घ्यावं म्हणून ती सरळ येत असणार. कानात ती बाई, वारा शांत.

केरू पट्टीकडे चार पावलं धावला आणि थांबला. हात हलवून काय होणार? तिला तो खेळणाऱ्या पोरासारखा दिसेल, दिसला तर. खांब आडवा करायला एकट्याचं बळ पुरत नाही. स्विच बंद करावा? मग बाई गप्प होईल, आणि शेवटचं ऐकलेलं 'शांत' तेवढं तिच्या कानात राहील.

एकच शब्द तिला मागे फिरवू शकत होता, आणि तो शब्द आणायचा तर खांबाचा वारा कायमचा तोडायला हवा होता.

पेटीची किल्ली त्याच्या कमरेला होती. कुलूप पटकन उघडेना. आत वायरींचं जंगल. निळी. निळ्या दोन होत्या. यज्ञेशने कुठली दाखवली होती ते त्याला आठवेना. त्याने देवीचं नाव घेतलं नाही, तेवढा वेळच नव्हता. जाड होती तिला धरून त्याने मुळापासून हिसका दिला. बोट कापलं. वायर निघून हातात आली.

रेडिओ बोलतच होता. खांबाची रीत अशी, की हातातलं बोलणं पुरं करायचं आणि मग नवं धरायचं. केरू दारात उभा राहून ऐकत होता. ढग. दाब. उष्णता. वारा शांत.

"अगो बये," तो ओरडला, "गप! गप ना!"

विमान पट्टीच्या टोकावर आलं होतं. इतकं खाली, की त्याचं पोट दिसत होतं. आडव्या झोताने त्याचं शेपूट एका बाजूला ढकललं, आणि नाक पट्टीकडे नव्हे, केबिनकडे वळलं. एक पंख खाली गेला. केरूने डोळे मिटले नाहीत. मिटावे असं त्याला वाटलं, पण आपण मिटू नये असंही वाटलं.

रेडिओने तोवर नवं बोलणं धरलं होतं. आता त्यात वाऱ्याची पाळी आली.

मिसिंग.

इंजिन एकदम जोराने किंचाळलं. खाली गेलेला पंख थरथरत वर आला, विमान सड्याच्या गवताला जवळजवळ घासून उचललं गेलं, केबिनवरून वळलं आणि परत खाडीच्या बाजूला, उतरत्या दरीवर दिसेनासं झालं. केरू धावला. कड्यापाशी पोचेपर्यंत पाऊस आला होता. समोर पांढऱ्या पावसाशिवाय काही नव्हतं. आवाजही नव्हता. मागे, केबिनमध्ये, ती बाई न थांबता सांगत होती.

दिवेलागणीला फोन वाजला तेव्हा केरू भिजलेल्या कपड्यांत स्टुलावर बसला होता. मथुरा भात झाकून वर आली होती आणि त्याच्या बोटाला चिंधी बांधून दारात उभी होती. फोन तिनेच त्याच्या कानाला लावला.

"काका." आवाज बारीक झाला होता. "उतरले. किनाऱ्याने खाली गेले, तिकडच्या धावपट्टीवर."

केरू स्टुलावरून उठून उभा राहिला.

"शांत सांगत होतं हो. मी टेकवणारच होते. कोणीतरी शेपटाला धरून ओढल्यासारखं झालं. वाटलं, सावरेल, वारा शांत आहे म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. आणि एकदम मिसिंग. ऐकलं आणि वर खेचलं." मग तिने विचारलं, "काका, आधी खोटं का सांगत होतं?"

"ते खोटं नव्हतं सांगत, बाय," केरू म्हणाला. "मी सांगायला लावत होतो."

त्याने तिला सगळं सांगितलं. नवं, सळई, लाल स्विच, सगळं. मग ती म्हणाली, "ठेवते, बाबा वाट बघतायत." पुन्हा फोन करीन, असं ती म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी यज्ञेश आला. दोघांनी मिळून खांब आडवा केला. पावसाने काळी पडलेली जुडी सळईला अजून घट्ट बांधलेली होती. गाठ केरूचीच. यज्ञेशने ती बघितली, केरूकडे बघितलं, आणि त्या दिवशी त्याने काही खाल्लं नाही.

"मामा, मला विचारला असता तर खाली पेटीला बांधून दिलं असतं की वो," तो शेवटी म्हणाला.

"तू नाय म्हणशील असं वाटलं."

"नाही म्हटलं नसतं."

खांब बरा झाला. लाल स्विचवर झाकण आणि झाकणाला कुलूप आलं. नवा पिशवाही आला. राखणीला गावातला निलेश आला आणि केरू गवत कापण्यापुरता राहिला. नवं मथुराने टाकलं नाही. नवं टाकत नाहीत. तिने ते देव्हाऱ्यामागे ठेवलं.

आर्या त्यानंतर आलेली नाही. विमानं येतात. केरू हातात कोयती घेऊन सड्याच्या कडेला गवत कापत असतो. दुपारनंतर घाटाकडे ढग उभा राहिला की तो हळूहळू केबिनजवळ सरकतो.

"केरूआबा, बसा सावलीत," निलेश आतून म्हणतो. "खांब म्हणतोय, वारा शांत हाय."

"व्हय," केरू म्हणतो.

आणि तरी तो बसत नाही. खांद्यावरचा टॉवेल काढतो, त्याचं एक टोक चिमटीत धरतो, हात वर करतो आणि तसाच उभा राहतो, विमान टेकेपर्यंत.